गोव्यात नवीन आलात आणि परसात अनोळखी झाड उगवलंय? तोंडात घालण्याआधी हे वाचा

आम्ही कराडहून डिचोली तालुक्यात राहायला आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांत घरामागे, वंयीच्या कडेला (इथे कुंपणाला वंय म्हणतात), रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकं हिरवं उगवलं की मला वाटलं भाजी विकत आणायची गरजच नाही. आमच्याकडे टाकळ्याची भाजी माहीत होती, इथे त्याला टायकिळो म्हणतात हेही कळलं होतं, मग काय, मी टोपली घेऊन मागच्या बाजूला गेले आणि अर्ध्या तासात टोपली भरून आणली. नळावर धुवायला बसले तेव्हा शेजारच्या काकी आल्या, एक काडी उचलून चुरडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "हो टायकिळो न्हय गो बाय." अर्धी टोपली टाकळा होता आणि अर्धी कासविंदा. मी दोन्ही एकच समजून तोडलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा, वंयीवरच्या मोगली एरंडाच्या बिया खाऊन आला. ते पुढे सांगते. पण या दोन गोष्टींमुळे मी झाडं ओळखायला शिकले आणि गेली काही वर्षं नवीन आलेल्या ओळखीच्या लोकांना हेच सगळं तोंडी सांगत असते, म्हणून एकदा लिहून काढतेय. मी वनस्पतीशास्त्र शिकलेली नाही. पण अनोळखी झाड समोर आल्यावर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे मला आता नीट माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. अळमी, म्हणजे जंगली मशरूम, हा वेगळा विषय आहे आणि हा लेख वाचून कोणी अळमी ओळखायला जाऊ नका. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण काळा पडतो का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अळमी काढतात त्यांच्याकडूनच घ्या नाहीतर खाऊ नका.

जवळ काय ठेवायचं

- मोबाईल, चार्ज असलेला (पावसात प्लास्टिकची पिशवी)
- जाड हातमोजे, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट
- छोटी कात्री किंवा कोयता
- एक रुपयाचं नाणं किंवा पट्टी, फोटोत मापासाठी
- जुनी वर्तमानपत्रं आणि दोन जड पुस्तकं
- भिंग, साधं शाळेतलं चालतं
- वही, तारीख आणि जागा लिहायला

१. आधी हात लावू नका, चव तर नाहीच नाही

"जिभेला जरा लावून बघू, कडू लागलं तर थुंकू" हे मी इथे शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलंय. कृपा करून हे करू नका. मोगली एरंडाचं बी कडू लागत नाही, शेंगदाण्यासारखं गोडसर लागतं, म्हणूनच तर मुलं एकामागून एक खातात.

हात लावायचाही विचार करून. खाजकुयलीच्या शेंगेवरची ती सोनेरी मखमल दिसायला सुंदर असते पण ते बारीक केस अंगाला लागले की माणूस वेडापिसा होतो. बिबा आणि त्याच्या जातकुळीतली झाडं (काजूचेच नातेवाईक आहेत हे) यांचा रस लागला तर कातडीवर फोड येतात, खोडावर काळे ओघळ दिसले तर लांब राहा. आणि खाडीकाठी फिरत असाल, चोडणला किंवा मांडवीच्या कडेच्या खारफुटीत, तर तिथे गेवा नावाचं झाड असतं, फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर तात्पुरतं आंधळेपण येऊ शकतं. फांद्या मोडत मोडत चालायची सवय असते ना काही जणांना, ती इथे सोडायची.

२. फोटो काढा, पण एक नाही, सात-आठ

लोक मला व्हॉट्सॲपवर एका पानाचा क्लोजअप पाठवतात आणि विचारतात हे काय आहे. त्यावरून कोणीच सांगू शकत नाही. हे फोटो लागतात:

पूर्ण झाड, आजूबाजूच्या जागेसकट. पान फांदीला कुठे आणि कसं चिकटलंय ते. पानाची वरची बाजू, मग खालची बाजू. फूल समोरून आणि बाजूने. फळ किंवा शेंग असेल तर अख्खी आणि कापलेली. खोडाची साल. आणि एका तरी फोटोत नाणं ठेवा, कारण फोटोत तुळशीएवढं रोप आणि माणसाएवढं झुडूप सारखंच दिसतं.

फूल नसेल तर घाई नको. झाड तिथेच राहणार आहे, दोन महिन्यांनी परत जा. फुलाशिवाय ओळख पक्की करणं जाणकारालाही अवघड जातं.

३. आता नीट बघा (ही पायरी सगळ्यात महत्त्वाची)

झाड ओळखणं म्हणजे "साधारण तसंच दिसतंय" असं नसतं. चार-पाच ठराविक गोष्टी बघायच्या, वहीत लिहायच्या, मग नाव शोधायचं. आधी नाव मनात धरलं की डोळे तेच बघतात, माझं टाकळ्याच्या वेळी नेमकं हेच झालं.

काय बघायचं: पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की एका ठिकाणाहून चक्रासारखी निघतात. पान साधं आहे की अनेक पर्णिका, म्हणजे छोटी छोटी पानं, मिळून एक पान झालंय. कडा सरळ की दातेरी. टोक गोल की टोकदार. शिरा कुठून निघतात. देठ तोडल्यावर चीक येतो का, पांढरा की पाण्यासारखा. केस, काटे, गाठी. वास.

आता माझीच चूक घेऊन सांगते, म्हणजे कळेल हे सगळं का बघायचं. टाकळा म्हणजे सेना टोरा आणि कासविंदा म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस, दोन्ही एकाच घरातले, दोन्ही रस्त्याच्या कडेला पावसात एकदम उगवतात, दोघांची फुलं पिवळी. पण आपण भाजी काढतो ती कोवळी असताना, तेव्हा ना फूल असतं ना शेंग, म्हणजे फक्त पानावरूनच ओळखायचं.

टाकळ्याच्या एका पानात साधारण तीन जोड्या पर्णिका असतात, त्या टोकाकडे रुंद आणि गोलसर, शेवटची जोडी सगळ्यात मोठी, आणि संध्याकाळ झाली की मिटून घेतात. कासविंदाला चार-पाच, कधी सहा जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला निमुळती, टोकदार. हे झालं लांबून. जवळून भिंगातून बघितलं तर दोन्हीला एक बारीकशी गाठ, म्हणजे ग्रंथी असते, पण तिची जागा वेगळी. टाकळ्यात ती खालच्या पर्णिकांच्या जोडीच्या मध्ये असते, कासविंदात देठाच्या अगदी बुडाशी, गडद रंगाची. ही गाठ बघितल्यापासून माझी एकदाही चूक झालेली नाही. पुढे शेंगा आल्या की मग कोणालाही कळतं, टाकळ्याची शेंग लांब बारीक वाकडी, कासविंदाची चपटी.

काकींनी वासावरून ओळखलं, पण तुम्ही वासावर जाऊ नका. टाकळ्यालाही चुरडल्यावर उग्र वास येतोच, त्यातला फरक काकींच्या नाकाला चाळीस वर्षांच्या सवयीने कळतो, मला आजही खात्रीने कळत नाही.

आणि हा फरक उगीच नाही हं. पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षं लहान मुलं एका आजाराने दगावत होती, मेंदू, लिव्हर आणि स्नायू तिन्हीवर एकदम परिणाम, लोकांना वाटायचं मेंदूज्वर आहे. २००७ मध्ये डॉक्टरांनी छापलेल्या अभ्यासात त्याचं संभाव्य कारण म्हणून कासविंदाच बाहेर आला, मुलं खेळता खेळता त्याच्या शेंगांतल्या बिया खात होती. तेव्हापासून आमच्या परसातला कासविंदा मी शेंगा धरायच्या आत उपटून टाकते.

४. गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, पण नावावर थांबू नका

गोव्यात हे भाग्य आहे की अजून रानातलं कळणारी माणसं आहेत. पावसाळ्यात डिचोली, वाळपई, फोंडा, म्हापसा इथल्या बाजारात बायका टायकिळो, तेरें, फागलां (करटुली), किल्ल (बांबूचे कोवळे कोंब) घेऊन बसतात. त्यांच्याकडून भाजी घ्या, घेताना विचारा की ही कशी ओळखायची, कशी करायची, त्या इतकं प्रेमाने सांगतात. तेरें म्हणजे रानातलं अळू, त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात म्हणून खाज सुटते, त्यासाठी ते नीट शिजवायचं आणि आंबाडे, सोलां असं काहीतरी आंबट घालायचं, हे मला बाजारातच कळलं.

पण ताजा नमुना किंवा सगळे फोटो दाखवून विचारा, नुसतं नाव सांगून नाही. कारण नावं फार फसवतात. वाघनखी म्हटलं तर कोणी कळलावी समजतो आणि कोणी ते विंचवाच्या नांगीसारखं वाकडं फळ येणारं वेगळंच झुडूप. एरंड म्हटलं तरी तेच: खरा एरंड, ज्याचं पान हाताच्या पंजासारखं सात-आठ टोकांचं आणि फळावर मऊ काटे, तो वेगळा, आणि मोगली एरंड, ज्याचं पान बदामासारखं, तीन-पाच उथळ कोपरे, फळ गुळगुळीत आधी हिरवं मग पिवळं मग काळपट, तो वेगळा. दोन्ही विषारी, पण विष वेगळं.

अजून एक सापळा खास गोव्यातला आहे, चवथीची माटोळी. गणपतीच्या वर जी लाकडी चौकट बांधतात तिला रानातली फळं, फुलं, पानं टांगतात, सुपारी, तोरिंगण, नारळ यांच्या बरोबरीने कळलावीची फुलं, कवंडळाची लालभडक फळं, कांगणे असं पुष्कळ असतं. माझी बहीण पहिल्यांदा चवथीला आली तेव्हा म्हणाली देवाला वाहिलंय म्हणजे खाण्यासारखंच असणार. नाही! माटोळीत रानात त्या ऋतूत जे जे येतं ते देवापुढे मांडतात, त्यात विषारीही असतं. घरातल्या मोठ्यांना ते माहीत असतं, पाहुण्यांच्या मुलांना माहीत नसतं. चवथ संपल्यावर माटोळी उतरवताना ती फळं मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. दुसरी बाजू म्हणजे झाडं शिकायला माटोळीइतकी चांगली जागा नाही, एकाच ठिकाणी पन्नासएक प्रकार आणि सांगायला घरातली आजी.

५. ॲपचा उपयोग करा, पण शोध सुरू करण्यासाठी

गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, तिन्ही मी वापरते. लेन्स पटकन नाव देतं आणि पटकन चुकतंही, रोप कोवळं असेल तर फारच. मला आयनॅचरलिस्ट जास्त आवडतं कारण तिथे खरी माणसं तुमचा फोटो बघून मत देतात. तिथे "रिसर्च ग्रेड" असं लिहून येतं म्हणजे मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं नावावर एकमत आहे, एवढाच अर्थ. ते झाड खाण्यालायक आहे असा शिक्का नव्हे. ॲपने दिलेलं नाव वहीत लिहा, मग त्या नावाच्या झाडाची लक्षणं शोधा आणि पायरी ३ मध्ये लिहिलेल्या तुमच्या नोंदींशी एक एक करून जुळवा. एक जरी लक्षण जुळत नसेल तर नाव चुकलं असं धरा. "बाकी सगळं जुळतंय ना" म्हणून ते एक सोडून देऊ नका, नेमकं त्या एकातच सगळं असतं.

६. तरी कळलं नाही तर नमुना दाबून ठेवा

फूल किंवा फळ असलेली फांदी, वीतभर-दोन वीत, वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवायची, वर पुस्तकांचं वजन. पावसाळ्यात कागद रोज बदला नाहीतर बुरशी येते. चिठ्ठीवर तारीख, जागा, झाडाची उंची, फुलाचा ताजा असतानाचा रंग लिहा कारण वाळल्यावर रंग जातो. असा नमुना घेऊन जवळच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना किंवा ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाच्या बॉटनी विभागात विचारता येतं, आधी फोन करून जा. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे मोठा वनस्पतिसंग्रह आहे.

अभयारण्यातून मात्र काही तोडून आणू नका, म्हादई असो, नेत्रावळी असो, खोतीगाव असो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. तिथे फोटोच.

७. ओळख पक्की होईपर्यंत ते झाड विषारीच धरायचं

माझा नियम असा आहे: माझी स्वतःची लक्षणं, गावातल्या जाणत्या माणसाचं मत आणि पुस्तकातलं किंवा जाणकाराचं नाव, तिन्ही एकमेकांशी जुळली तरच ते खायचं. दोन जुळली आणि एक नाही तर नाही खायचं.

आणि खालच्या समजुतींवर विसंबू नका, या सगळ्या मी इथे ऐकलेल्या आहेत.

"पक्षी खातात म्हणजे चालतं." धनेश पक्षी काजऱ्याची फळं खातो. काजरा म्हणजे स्ट्रिक्नॉस नक्स-वोमिका, ज्याच्या बियांतून स्ट्रिकनीन मिळतं. पिकलेलं फळ छान नारिंगी, छोट्या संत्र्यासारखं दिसतं.

"उकळलं की विष जातं." काहींचं जातं, सगळ्यांचं नाही. कळलावीतलं कोल्चिसिन शिजवून जात नाही. कळलावीच्या पूर्ण झाडात विष असतं आणि कंदात सगळ्यात जास्त, श्रीलंकेत तो रताळं किंवा कणगी समजून खाल्ल्याने माणसं गेलेली आहेत. आपल्याकडे कणगी, कारांदे खणून खातात त्यामुळे हा धोका इथेही आहेच. तिची खूण अगदी सोपी आहे, पानाचं टोक लांब होऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं आणि त्यानेच ती वर चढते. कंद नांगराच्या आकाराचा, संस्कृतात लांगली नाव त्यावरूनच. म्हणजे वेल वर वाळून गेल्यावर नुसता कंद खणून काढायचा नाही, वरचं पान बघितलेलं असेल तरच खणायचं.

"चीक आला म्हणजे विषारी, नाही आला म्हणजे चांगलं." फणसाला चीक येतो, चिकूला येतो. गुंजेला येत नाही, धोतऱ्याला येत नाही.

"आयुर्वेदात आहे." आहे ना. काजरा आहे, गुंज आहे, कळलावी आहे. पण वैद्य त्यांचं शोधन करून, मोजून देतात. काढा करून पिण्याआधी ही एक गोष्ट लक्षात घ्या: कर्नाटकच्या किनाऱ्यावर तुळुनाडात आटी अमावास्येला सातवीणीच्या सालीचा कडू काढा पितात, साल पहाटे अंधारात काढून आणतात. काजऱ्याची सालही कडूच असते. सातवीणीची पानं एका जागेवरून सातच्या आसपास चक्रात निघतात आणि साल छेदली की पांढरा चीक येतो, काजऱ्याची पानं समोरासमोर, बुडापासून निघालेल्या तीन-पाच ठळक शिरा, चीक नाही. अंधारात यातलं काय दिसणार. झाड दिवसा बघून खूण करून ठेवायलाच हवं.

नवीन आलेल्यांनी पहिल्या वर्षी निदान एवढी झाडं तरी बघून ठेवावीत, कारण ही घराजवळच असतात: मोगली एरंड, एरंड, गुंज, धोतरा, कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, कळलावी, काजरा, खाजकुयली. कण्हेर आणि बिट्टी तर आपण हौसेने दारात लावतो, त्यांचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं.

८. कोणी खाल्लंच तर

मुलगा खाऊन आला त्या दिवशी आम्ही काय काय चुकलो ते सांगते. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, जुलाब. तो म्हणाला वंयीवरचे काजूसारखे दाणे खाल्ले. आम्ही घाबरून तसेच दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठलं झाड? आम्ही म्हणालो एरंड, कारण आम्हाला तेवढंच नाव येत होतं. किती खाल्ले, किती वाजता, काही माहीत नाही. मग नवरा बाईकवरून परत घरी आला, काकींनी फांदी तोडून दिली, ती घेऊन गेला, तेव्हा कळलं की मोगली एरंड. त्यात दीड तास गेला. रात्रभर सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बरा होऊन घरी आला. पण तो दीड तास मी कधी विसरणार नाही, आणि त्याच्या जागी गुंजेचं चावलेलं बी असतं तर काय झालं असतं हा विचार अजून येतो.

म्हणून हे करा:

तोंडातलं उरलेलं काढून टाका, चूळ भरायला लावा. उलटी करवू नका, मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. झाडाची फांदी पानाफळासकट तोडा (हातमोजे किंवा पिशवी वापरून), उलटी झाली असेल तर त्यातले तुकडेही पिशवीत घ्या. किती वाजता आणि अंदाजे किती खाल्लं ते कागदावर लिहा. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा, पुढे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्यायचं का ते तिथले डॉक्टर ठरवतील. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, हा आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा.

आणि लक्षणं दिसायची वाट बघू नका. गुंज, कळलावी यांची लक्षणं काही तासांनी सुरू होतात, तोवर मूल खेळत असतं आणि आपल्याला वाटतं काही झालं नाही. धोतरा असेल तर तोंड कोरडं पडतं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, त्याला कोणी भूतबाधा समजून घरी बसवू नका.

चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, चोळू नका, मग डॉक्टरकडे. कातडीला लागला तर साबण आणि भरपूर पाणी, आणि ते कपडे वेगळे काढून धुवा.

आमच्या वंयीवरचा मोगली एरंड आम्ही त्याच आठवड्यात काढला आणि तिथे अडुळसा लावला. तुमच्या भाड्याच्या घराला तो असेल तर घरमालकाशी बोला, इथे तो कुंपणाला लावायची जुनी पद्धत आहे कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. लहान मुलं असतील तर काढायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. काढताना फळं खाली पडू देऊ नका, पडली तर वेचून घ्या, कारण पावसात त्याच बियांमधून रोपं परत उगवतात.